लाल पाटीच्या पलीकडे

त्याला सगळे ‘सुई’ म्हणायचे. अंगाने बारीक होता म्हणून नव्हे. अंगाने तो चांगला भरलेला होता, बसला की खुर्ची एकदा कण्हून घ्यायची. सुई म्हणायचे ते त्याच्या चेंडूमुळे. गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धांत उभी हयात घालवलेला हा गडी चेंडू जिथे टाकीन म्हणेल तिथेच टाकायचा. त्याचा फटका इतका सरळ जायचा, की मैदानाच्या माळ्याने एकदा त्या रेषेवर ओली चादर वाळत घातली आणि ती संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. चादरीबद्दल कुणाला शंका असेल तर असू द्या. रेषेबद्दल आजवर कुणी शंका घेतलेली नाही.

पण गोल्फमध्ये नुसतं सरळ असून भागत नाही. प्रत्येक होलचा पहिला फटका, म्हणजे ड्राइव्ह, जितका लांब तितकं पुढचं काम हलकं. आणि सुईचा ड्राइव्ह होता आखूड. हल्लीची पोरं चेंडू असा हाणायची, की तो वर जाऊन दोन-चार पाखरांची विचारपूस करून मग सावकाश खाली यायचा. तोवर सुई आपल्या चेंडूजवळ पोचून, घाम पुसून, बूट झटकून उभा असायचा. चाळिशी उलटल्यावर तर चेंडू दर मोसमात थोडा थोडा अलीकडेच बसायला लागला, जणू त्यालाही गुडघेदुखी सुरू झाली होती.

शेवटी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने त्याला बोलावून सांगितलं: पुढच्या मोसमाची पहिली स्पर्धा, तीच शेवटची संधी. तिच्यात पहिल्या तिसांत आलास तर कार्ड राहील, नाही आलास तर जाईल. कार्ड म्हणजे स्पर्धेत उतरायचा परवाना. तो गेला की खेळाडूचा प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाला दोरीच्या आत कुणी उभं करत नाही.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिघं होती. सुई, त्याची बायको आणि त्याचा थोरला भाऊ. हा दादा सुईची बॅग उचलायचा. कॅडी म्हणून त्याने आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या बॅगेला हात लावला नव्हता.

“मी थांबतो म्हणतोय,” सुई म्हणाला. “बाजारातल्या त्या बंद हॉलमध्ये शिकवायला बोलावतायत. पडद्यावर मैदान दिसतं आणि लोक पडद्यावर चेंडू मारतात.”

“मग चेंडू जातो कुठे?” बायकोने विचारलं. ती शाळेची बस चालवायची. कुठलीही गोष्ट कुठून निघून कुठे जाते, हे तिला आधी कळावं लागायचं.

“कुठेच नाही. आपटून पायाशी येतो.”

“म्हणजे तुझ्या ड्राइव्हसारखाच,” दादा म्हणाला.

सुई हसला नाही. ताटात बघत राहिला. एरवी असल्या टोमण्यावर तो दुप्पट टोमणा परत करायचा. बायकोने दादाकडे डोळे वटारून पाहिलं. दादाने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला, आणि मग एकदम म्हणाला, “एक हिवाळा दे मला. फक्त एक. तुला लाल पाटीच्या पलीकडे नेतो.”

लाल पाटी म्हणजे काय ते सांगायला हवं. गावाबाहेरच्या क्लबात सरावाचं एक लांबलचक मैदान, म्हणजे रेंज, होती. एका टोकाला उभं राहून मारायचं आणि चेंडू किती गेला ते पाट्यांवरून ओळखायचं. आधी पांढरी पाटी, मग पिवळी, आणि सगळ्यांत मागे माणसाच्या छातीएवढी उंच, लोखंडी खांबावरची लाल. लाल पाटी अडीचशे मीटरवर. तिच्या पलीकडे चेंडू हवेतून टाकणारा माणूस कुठल्याही स्पर्धेत ताठ मानेने चालतो. सुई जन्मात तिथे पोचला नव्हता. पिवळीशी मात्र त्याची चांगली घसट होती.

दुसरी गोष्ट त्या दोघांच्या रीतीची. सुईला आकड्यांचा उपद्रव व्हायचा. पोरवयात एकदा भोकातल्या झेंड्यापर्यंतचं अंतर त्याने स्वतः मोजलं, आकडा डोक्यात घेऊन उभा राहिला आणि हात असे गोठले, की चेंडूऐवजी मातीचं ढेकूळ उडालं. त्या दिवसापासून दोघांत ठरलं: आकडा दादाचा, फटका सुईचा. दादा अंतर बघणार, एकदाच सांगणार, आणि सुई मारणार. कुठल्याही मैदानावर सुईने स्वतः अंतर कधी बघितलं नाही. दादा म्हणाला एकशे चाळीस, तर एकशे चाळीस. दादा म्हणाला असता की झेंडा चंद्रावर आहे, तर सुईने फक्त वारा विचारला असता.

हिवाळा सुरू झाला आणि दादाने त्याला पिळून काढला. अंगणात ट्रकचा टायर टाकला आणि त्यावर घण मारायला लावला. ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह मारायचा दांडा, उलटा धरून हवेत फिरवायला लावला. दांडा कानाशी नव्हे, चेंडूच्या पुढे सूं करून वाजला पाहिजे, नाहीतर परत. “जोर आधीच उधळतोस तू,” दादा ओरडायचा, “लग्नात जेवणाआधीच पोट भरल्यासारखा!” टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, उंच केली, चेंडू डाव्या टाचेसमोर आणला, पाय फाकवले, खांदा मागे कलता केला. कंबर आधी, हात नंतर. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. सुईने पेस्ट सांडली, आरसा रंगवला, पण पाय टेकवला नाही.

आणि चेंडू लांब जायला लागला.

आधी पिवळी पाटी मागे पडली. मग पिवळी आणि लालच्या मधली जागा हळूहळू भरत आली. सुई रोज सकाळी रेंजवर यायचा, आणि रोज नाही, पण दर आठवड्याला त्याला वाटायचं, अरे, काल तर हा एवढा गेला नव्हता! पाट्यांना पाय नसतात हे त्याला ठाऊक होतं, तुम्हाआम्हाला ठाऊक आहे तितकंच. मग लांबी वाढली ती त्याच्याच दंडात. दुसरं काय असणार?

ज्या सकाळी त्याचा चेंडू पहिल्यांदा लाल पाटीच्या डोक्यावरून गेला, त्या सकाळी मागच्या बाकांवर क्लबातली मंडळी बसली होती. निवृत्त दंतवैद्य होते, दुकानदार होते, माळी होता, बायकोही बस लावून आली होती. चेंडू पाटीपलीकडे टेकला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. दंतवैद्यांनी तर टोपी उडवली. सुई वळून सगळ्यांकडे बघत राहिला आणि हसला. घरी आला तोही हसत. त्या दिवसापासून पलंगावरून उठताना तो शीळ घालायला लागला. टोमण्याला टोमणा परत यायला लागला.

“दादा,” तो एकदा म्हणाला, “ती तुझी अंतर मोजायची दुर्बीण दे ना. एकदा मलाच बघू दे. इतक्या वर्षांनी आकडा बघावासा वाटतोय.”

दादा बॅगेची चेन लावत होता. ती अडकली. “दुर्बीण बिघडलीय,” तो म्हणाला. “कंपनीकडे दुरुस्तीला दिलीय.”

“कधी येईल?”

“येईल की. घाई काय? चेंडू दिसतोय ना डोळ्यांना?”

दिसत होता. सुईने विषय सोडला.

स्पर्धा दूरच्या मैदानावर होती, आणि तिथली जमीन महिनाभराच्या उन्हाने फरशीसारखी टणक झाली होती. चेंडू टेकला की घरंगळत सुटायचा. पहिले तीन दिवस सुई असा खेळला, की मंडळाच्या लोकांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. लांबीचा विश्वास आला की बाकीचंही सैल होतं. ग्रीनवरचे, म्हणजे भोकाभोवतालच्या बारीक गवतावरचे, छोटे फटके, जे गेल्या मोसमात थरथरायचे, ते आता खड्ड्यात जाऊन पडायचे. त्याच्या जोडीला एक तरणा खेळाडू होता, त्याला सगळे ‘तोफ’ म्हणायचे. तोफेची बॅग उचलायचा त्याचा सासरा. हा सासरा रेल्वेचा रिटायर्ड गार्ड होता, गुडघ्यांनी गांजलेला आणि जिभेने तगडा.

“जावई चेंडू एवढा लांब मारतात,” तो सुईला सांगायचा, “आणि चालायचं मात्र मला. मुलगी दिली तेव्हा हे कुणी बोललं नव्हतं.”

तोफेचा चेंडू सुईच्या फार फार पुढे पडायचा. सुईने दादाला हळूच विचारलं, “मी अडीचशे मारतोय. मग हा किती मारतो?”

“हा? तीनशेवीस. माणूस नाही तो, यंत्र आहे. त्याच्याकडे बघू नकोस.”

सुईने बघणं सोडून दिलं. आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेला आली होती, पण मनाला लागली नव्हती. मैदानात जागोजागी पाणी फवारायच्या तोट्या असतात आणि त्यांच्या झाकणांवर ग्रीनपर्यंतचं अंतर कोरलेलं असतं. दादा जिथे थांबायचा तिथे त्याची बॅग नेमकी झाकणावरच टेकायची. सुईला वाटलं, दादाचंही वय झालं, बॅगेला सपाट जागा शोधतो बिचारा.

शेवटच्या होलला तळं होतं. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं की समोर पाणीच पाणी. तळ्यावरून सरळ मारलं तर ग्रीन हाकेच्या अंतरावर. उजवीकडून काठाकाठाने गेलं तर वाट सुरक्षित, पण दुसरा फटका लांबचा आणि अवघड. पहिले तीन दिवस दादाने एकच सांगितलं होतं: “पाण्यापलीकडे दोनशे साठ. तुझ्या आवाक्याच्या जरा बाहेर. उजवीकडून.” आणि सुई तिन्ही दिवस मुकाट उजवीकडून गेला होता.

चौथ्या दिवशी ते शेवटच्या टीवर आले तेव्हा हिशेब सरळ होता. इथे चार फटक्यांत संपवलं तर सुई तिसावा, कार्ड शाबूत. पाच लागले तर बाहेर. दोरीच्या बाहेर माणसं दाटली होती. वारा पडला होता. तळ्यावर एक सुरकुती नव्हती.

“दोनशे साठ,” दादा म्हणाला. “उजवीकडून. तू तिथून चार करशील, तुझ्याइतकं सरळ कुणी मारत नाही.”

टीच्या कडेला एक बुटका दगड होता. चारही दिवस दादाची बॅग त्याच दगडाला टेकून उभी राहिली होती. तोफेच्या सासऱ्याचे गुडघे त्या दिवशी फारच बोलत होते. त्याने इकडेतिकडे बसायला जागा शोधली, आणि दादा काही म्हणायच्या आत बॅग उचलून बाजूला ठेवली.

“दगडावर बॅगेला बसवता आणि म्हाताऱ्याला उभं ठेवता होय?” तो म्हणाला, आणि बसता बसता थबकला. दगडावर होलचा नकाशा कोरला होता. त्याला वाचायची सवय होती. स्टेशनच्या पाट्या वाचण्यात जन्म गेला होता. त्याने मोठ्याने वाचलं, “तळ्यापलीकडचा काठ, दोनशे तीस मीटर. अहो जावई, हे बघा, तुम्हाला तर हे हसतखेळत!”

सुईने वळून दगडाकडे पाहिलं. आकड्याकडे पाहायचं नाही ही पोरवयापासूनची रीत, पण कान कसे मिटणार? दोनशे तीस. कोरीव, ठसठशीत, त्यात काळा रंग भरलेला.

“दादा,” तो हळू आवाजात म्हणाला, “तू दोनशे साठ म्हणालास.”

दादाने बॅगेचा पट्टा उगाच ओढला.

“चार दिवस म्हणतोयस. चार दिवस त्या दगडावर बॅग ठेवतोयस.”

“अरे, तो दगड जुना आहे... नंतर टी मागे नेली असेल...”

“टीवर उभे आहोत आपण. दगड टीवर आहे.” सुईचा चेहरा कानापर्यंत तापला. “मी अडीचशे हवेतून टाकतो. लाल पाटीच्या पलीकडे! सगळ्यांनी पाहिलंय. आणि तू मला खोटा आकडा देतोस? का? भीती वाटते तुला? एवढा हिवाळा माझ्याकडून टायर फोडून घेतलास, आणि वेळ आली तेव्हा तुझाच भरवसा नाही माझ्यावर?”

दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने तोंड उघडलं. दोरीबाहेर लोक होते, तोफ होता, सासरा होता, घड्याळ घेतलेला पंच होता. एक वाक्य पुरलं असतं. एकच.

“खेळाडू, वेळ,” पंच म्हणाला.

“ड्रायव्हर दे,” सुई म्हणाला.

दादाने ड्रायव्हर बॅगेतून काढला. नेहमीसारखी त्यावरची लोकरी टोपी स्वतःच्या हाताने काढली, खिशात घातली आणि दांडा पुढे केला. “फटका तुझा,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

सुईने टी उंच लावली, चेंडू डाव्या टाचेसमोर घेतला, पाय फाकवले. कंबर आधी, हात नंतर. दांडा चेंडूच्या पुढे सूं करून वाजला. इतका चांगला फटका त्याने आयुष्यात मारला नव्हता. हे त्याला तेव्हाही कळलं आणि नंतरही तो तेच म्हणायचा. चेंडू तळ्याच्या बरोबर मधून, आखलेल्या रेषेसारखा गेला. लोकांनी माना उंच केल्या. चेंडू वर चढला, थांबला, उतरायला लागला आणि पाण्यात पडला. काठाला लागून नव्हे. काठाच्या चांगला अलीकडे, जिथे बदकं निवांत पोहत होती. बदकंसुद्धा जरा बाजूला सरकली, एवढंच.

सुई पाण्यावरची वर्तुळं बघत राहिला. वारा नव्हता. फटक्यात खोट नव्हती. दगड खोटं बोलत नव्हता. मग एकेक करून सगळ्या गोष्टी बाजूला झाल्या आणि मागे एकच उरली.

तो दादाकडे न बघता म्हणाला, “लाल पाटी कुठे आहे?”

“हं?”

“आपल्या रेंजवरची लाल पाटी. ती कुठे आहे, दादा?”

दादाने खिशातली लोकरी टोपी मुठीत आवळली. “दोनशे दहावर,” तो म्हणाला. “थोडी थोडी सरकवली. माळी आणि मी. आठवड्याला एकदा, तू गेल्यावर.”

“आणि आपल्या मैदानावरच्या टी? तिथेही मी लांब मारत होतो.”

“त्याही पुढे घेतल्या होत्या.”

“बाकावरचे लोक टाळ्या वाजवत होते.”

सुईला त्या टाळ्या परत ऐकू यायला लागल्या, एकेका माणसाची वेगळी. दंतवैद्यांनी उडवलेली टोपी दिसली. बायकोचे उंचावलेले हात दिसले. सगळ्या क्लबाने मिळून त्याचा गळा कापला होता, तोही केसाने, आणि कापताना टाळ्या वाजवल्या होत्या.

“तू थांबणार होतास,” दादा पुटपुटला. “पडद्यावर चेंडू मारायला जाणार होतास. तू थांबलास तर मी काय उचलणार होतो? आणि तुला नुसतं एकदा वाटायला हवं होतं रे, की आपण पोचतो. बघ, तीन दिवस कसा खेळलास! ते काय खोटं होतं?”

“आता सांगता आलं असतं. टीवर. चेंडू मारायच्या आधी.”

“इतक्या लोकांसमोर? तुझी लाज...”

“माझी?” सुई म्हणाला. पहिल्यांदा त्याने दादाच्या डोळ्यांत पाहिलं. “बुडाला तो चेंडू माझा. लाज कुणाची वाचवलीस?”

दंडाचा एक फटका जोडून त्याने चेंडू तळ्याच्या अलीकडे ठेवला आणि तिसरा फटका उजवीकडून मारला, जसा तीन दिवस मारला होता. आता चौथा थेट भोकात गेला तरच कार्ड. तो चेंडूजवळ जाऊन उभा राहिला. दादाने सवयीने श्वास घेतला, आकडा सांगायला. सुईने तळहात वर केला.

“काका,” त्याने तोफेच्या सासऱ्याला हाक मारली, “झेंड्यापर्यंत किती?”

म्हाताऱ्याने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा सुईकडे. पायाखालचं झाकण बुटाने पुसून त्याने वाचलं, दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाला, “एकशे बावन्न, भाऊ.”

सुईने मारलं. चेंडू झेंड्याच्या काठीवर आपटला. अगदी काठीवर, टण् असा आवाज आला, आणि वीतभर बाजूला जाऊन थांबला. लोकांच्या तोंडून एकच उसासा निघाला. काही जण सांगतात की चेंडू भोकात डोकावून परत आला. तसं झालं नाही. तो वीतभर बाहेरच राहिला, आणि वीतभर बाहेर राहिलेल्या चेंडूलाही एक फटका लागतो. पाच.

तोफेने टोपी काढून हात मिळवला. सासऱ्याने काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला. दादा बॅग घेऊन मागून चालत होता. सुई वळला, बॅग त्याच्या खांद्यावरून उतरवली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली. “जड आहे,” दादा म्हणाला. सुई पुढे चालायला लागला.

घरी पोचला तेव्हा संध्याकाळ उतरत होती. बायकोला बातमी आधीच कळली होती. तिने पाणी दिलं, पंखा लावला, बॅग कोपऱ्यात नीट उभी केली. सुईला तिची दया आली. हिलाही कुणीतरी फसवलंच असेल, असं त्याने वाटभर स्वतःला समजावलं होतं. टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण बसवालीला पाटीतलं काय कळतं? अंग शहारलं म्हणून तो आतल्या कपाटातून पांघरूण काढायला गेला. घडी ओढली तशी मागून एक काळी पेटी घसरत आली आणि त्याच्या हातात पडली.

दादाची दुर्बीण. कंपनीकडे दुरुस्तीला गेलेली.

तो ती घेऊन बाहेर आला आणि टेबलावर ठेवली. बायको खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“तू कुठल्याही गोष्टीला विचारतेस, कुठून निघाली आणि कुठे गेली,” तो म्हणाला. “हिचं मला कुणी सांगितलं नाही.”

“दादांनी ठेवायला दिली होती.” तिचा आवाज खाली गेला. “तुम्ही ऐकाल का? तुम्ही शीळ घालायला लागला होतात. किती वर्षांनी. मला वाटलं, स्पर्धा होऊन जाईल, मग सांगू. मग रोज वाटायचं, उद्या सांगू.”

“क्लबात सगळ्यांना माहीत होतं?”

ती टेबलावरची दुर्बीण उगाच सरळ करायला लागली. तेवढ्यात त्याला उत्तर मिळालं.

“म्हणजे आपल्या घरात,” सुई म्हणाला, “आकडा माहीत नसलेला मी एकटाच.”

ती रडली. त्याने तिला रडू नकोस असं म्हटलं नाही, तिच्यावर ओरडलाही नाही. पांघरूण घेतलं आणि बाहेरच्या खोलीतल्या बाकावर जाऊन बसला. बाक आखूड होता. त्याचे पाय बाहेर लोंबत राहिले.

सकाळी तो एकटा रेंजवर गेला. बाकांवर नेहमीची मंडळी होतीच. माळी त्याला पाहताच नळी टाकून शेडमागे गडप झाला. सुईने कुणाला नमस्कार केला नाही. टी लावली, मारलं. चेंडू लाल पाटीच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडे टेकला. आणि बाकावरून, नुसत्या सवयीने, कुणीतरी टाळी वाजवली. एकच. दुसरी वाजलीच नाही. दंतवैद्य मान खाली घालून बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागले.

सुई मैदानात चालत गेला. लाल पाटीला दोन्ही हातांनी धरलं, हलवली, उपटली, खांद्यावर घेतली. टायर फोडून कमावलेले दंड निदान एवढ्या कामाला आले. पाटीचा खांब मागे गवतावरून घासत होता. तो टीपासून लांब लांब चालत राहिला आणि बघतो तर दादा आधीच पुढे उभा. केस विस्कटलेले, डोळे लाल, अंगात कालचाच शर्ट.

“इथे,” दादा म्हणाला. त्याने पायाने गवत बाजूला केलं. खाली जुना खड्डा होता, त्यात सैल माती भरलेली, वरचं गवत पिवळट. “इथे होती. बरोबर अडीचशे. शपथ घेतो, धाकट्या. इथेच.”

सुईने खड्ड्याकडे पाहिलं. खड्डा खरा होता. लोखंडी खांबाचा गंज त्याच्या कडेला अजून लागलेला होता. खड्ड्याचं तोंड, खांबाची जाडी, सगळं जुळत होतं. पाटी तिथे रोवली असती तर कुणालाही काही चुकलं असं म्हणता आलं नसतं.

त्याने पाटी खाली आडवी ठेवली. खिशातून दुर्बीण काढली. मग पाठ फिरवली आणि आलेल्या वाटेने थेट टीपर्यंत परत चालत गेला. दादा खड्ड्यापाशी हात लोंबते सोडून उभा होता, लांबून पाटीएवढाच दिसत होता. सुईने दुर्बीण डोळ्याला लावली, भिंग फिरवलं, आणि पोरवयानंतर पहिल्यांदा स्वतः अंतर मोजलं.

दोनशे पन्नास.

दादा खरं बोलला होता. सुईने दुर्बीण खाली केली, काच शर्टाला पुसली, आणि परत मोजलं.